निरोपाला हात लागतात

पुण्यात घरी कोणी वारलं की पहिल्या तासाभरात तीन प्रश्न ठरलेले असतात. स्मशानाचा पास कोण काढतंय, सामान कोण आणतंय आणि कितीला न्यायचं. चौथा प्रश्न, म्हणजे त्यांना स्वतःला काय हवं होतं, हा बहुतेक घरांत संध्याकाळी निघतो. तोवर वैकुंठ स्मशानातून सगळे परतलेले असतात, आंघोळी झालेल्या असतात, शेजाऱ्यांनी आणलेला पिठलं-भात पानात असतो आणि कोणीतरी हळूच म्हणतं, "आई देहदानाचं काहीतरी म्हणत होती ना रे?"

ही चूक कोणाची नसते. वेळच तेवढा असतो. चार ते सहा तासांत सगळं उरकायचं असल्यामुळे जे नेहमी होतं तेच होतं. त्यात वाईटही काही नाही. पण वेगळं काही हवं असेल तर त्याची तयारी आधी करावी लागते, आणि ती नुसती फॉर्म भरून होत नाही.

'पर्यायी अंत्यसंस्कार' हे शब्द कानाला परके लागतात. गंज पेठेत मात्र ही गोष्ट 1890 सालची आहे. आपल्याला जाळू नये, मिठात पुरावं, असं जोतीराव फुल्यांनी सांगून ठेवलं होतं आणि त्यासाठी घरामागे खड्डाही खणून घेतला होता. 28 नोव्हेंबर 1890 ला ते गेले, तेव्हा वस्तीतल्या जागेत पुरायला नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही आणि दहन करावं लागलं. मुलगा यशवंत दत्तक, म्हणून टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढे न्यायचं मातीचं मडकं, कोणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद काढला. तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवं हातात घेतलं, अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नीही त्यांनीच दिला. अस्थी पुन्हा घरी आल्या. फुलेवाड्यातल्या तुळशीवृंदावनाखाली त्या आहेत.

खड्डा तयार होता, पण सरकारी कागद नव्हता, म्हणून इच्छा अडली. टिटव्याची कसलीच तयारी नव्हती, पण ते उचलणारे हात होते, म्हणून ते निभावलं. आजही गाडी याच दोन ठिकाणी अडते किंवा सुटते.

"आपल्यात पुरत नाहीत" हे वाक्यही जरा जपूनच वापरावं. लिंगायत समाजात मृताला बसवून, हातात इष्टलिंग देऊन पुरतात. गोसावी आणि नाथपंथीयांत समाधी देतात, संन्याशाला अग्नी देत नाहीत, आणि दात न आलेलं मूल सगळीकडेच मातीत ठेवतात. विठोबाच्या नावाने टाळ-मृदंग वाजवत नेणं हेही एका मोठ्या समाजाचं चालत आलेलं वळण आहे, त्यात रडारड झाकायचा हेतू नसतो. मिठाबद्दल एक गैरसमज आहे. मिठाने देह लवकर विरघळतो असं लोक समजतात. होतं उलटं. मीठ पाणी शोषून घेतं, त्यामुळे देह सुकतो आणि कुजण्याचं काम मंदावतं. लवकर माती व्हायची असेल तर मीठ नको, आणि फार खोल खड्डाही नको, कारण कुजवणारे जिवाणू हवा लागणाऱ्या वरच्या थरातच जोमाने काम करतात. अर्थात महापालिकेच्या हद्दीत नोंदलेल्या जागेबाहेर दहनही करता येत नाही आणि दफनही. फुल्यांची अडचण आजही तशीच आहे.

आता त्या पहिल्या चार तासांकडे येऊ, कारण बरेचसे पर्याय तिथेच जगतात किंवा मरतात.

ताठरपणा दोन ते चार तासांत जबड्यापासून सुरू होतो. म्हणून पापण्या मिटणं, हनुवटीखालून डोक्यावर मऊ कापडाची पट्टी बांधणं, हातपाय सरळ करणं ही कामं पहिल्या अर्ध्या तासातली. पायाचे अंगठे एकमेकांना बांधायची रीत याच पोटातली आहे. पाय फाकत नाहीत आणि देह उचलताना सोपं जातं. आंघोळ आपल्या हातांनी घालायची असेल तर तीन-चार माणसं लागतात. दोघांनी कुशीवर धरायचं, एकाने पुसायचं. कुशीवर वळवलं की छातीतली हवा बाहेर पडते आणि कण्हल्यासारखा आवाज येतो. हे आधी सांगितलेलं नसेल तर घरात किंचाळ्या उठतात. पोटावर दाब पडला की मूत्राशय आणि आतडी रिकामी होतात, म्हणून खाली जाड चादर आणि जुनं टॉवेल हवं. नळ्या, कॅथेटर, सलाइनची सुई घरी उपसू नये, रक्त थांबत नाही. नर्सलाच काढू द्यावी.

परगावची मुलं यायची असतील तर देह थंड ठेवणारी शवपेटी मागवतात. ती साध्या घरगुती प्लगवर चालते, पण आत देह ठेवायच्या आधी ती गार झालेली असावी लागते, आणि एक्स्टेन्शन बोर्डाची स्वस्त वायर तासाभरात गरम होते. पेटीचं झाकण दर पाच मिनिटांनी उघडून दर्शन दिलं तर पेटी असून नसून सारखीच. मे महिन्यात पेटीशिवाय सहा-आठ तासांपलीकडे थांबू नये, कोणाची फ्लाइट कितीही उशिरा असो.

नेत्रदान याच वेळात बसतं. मुदत सहा तासांची. पंखा बंद करा, कारण वाऱ्याने बुबुळ सुकतं. एसी असेल तर चालू ठेवा. डोक्याखाली उशी द्या, म्हणजे डोळ्यांत रक्त उतरणार नाही. मिटलेल्या पापण्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा. माणसं घरी येतात, वीस मिनिटांत काम होतं, चेहरा विद्रूप होत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, चष्मा, मधुमेह, रक्तदाब, यातलं काहीही आड येत नाही. नेत्रदान करूनही पुढे दहन, दफन, देहदान सगळं करता येतं. म्हणून मागे फॉर्म भरला होता की नाही याची चर्चा करत बसू नये; जवळच्या नातलगाने होकार दिला की पुरे. त्वचादानाचीही मुदत साधारण तेवढीच. पाठ, मांड्या आणि पाय यांवरून कागदासारखा पातळ थर घेतात. ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली ती त्वचा काही वर्षं टिकते आणि भाजलेल्या माणसाच्या अंगावर पहिलं पांघरूण म्हणून पडते. अवयवदानाचं प्रकरण निराळं. ते मुख्यतः रुग्णालयात, मेंदू मृत झाल्यावर आणि हृदय चालू असताना होतं, आणि त्याची जुळवाजुळव विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती करते. घरी वारलेल्या माणसाचं मूत्रपिंड देता येत नाही. हे न कळल्यामुळे नातलग त्या गडबडीत फोनवर फोन करत बसतात आणि डोळ्यांची वेळ टळते.

देहदानाला पुण्यात प्रतिसाद चांगला आहे, पण त्याच्याइतका गैरसमजात गुरफटलेला पर्याय दुसरा नसेल. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, शिवाय खासगी महाविद्यालयं. प्रत्येक ठिकाणी हे काम शरीररचनाशास्त्र विभागाकडे असतं. कायदा 1949 चा. फॉर्म भरताना दोन साक्षीदारांच्या सह्या घेतात, त्यातला एक जवळचा नातेवाईक असलेला बरा. पण कितीही सह्या असल्या तरी मृत्यूनंतर देह ज्यांच्या ताब्यात असतो त्यांनी "नाही" म्हटलं तर देहदान होत नाही. म्हणजे फॉर्म भरला म्हणून काम झालं, असं समजू नये. पटवायचं असतं मुलाला, सुनेला, आणि सगळ्यात आधी त्या धाकट्या आत्याला, जी ऐन वेळी दारात येऊन "अग्नीसुद्धा नाही द्यायचा?" म्हणून हंबरडा फोडणार असते.

महाविद्यालयं नकार का देतात हे कळलं की मनस्ताप निम्मा होतो. देह टिकवण्यासाठी फॉर्मलिन, ग्लिसरीन, फिनॉल यांचं काही लिटर मिश्रण मांडीच्या किंवा मानेच्या धमनीतून दाबाने आत सोडतात. ते रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून बोटांच्या टोकापर्यंत गेलं पाहिजे. शवविच्छेदन झालेलं असेल तर वाहिन्या कापलेल्या असतात, द्रव बाहेर गळतो, म्हणून अपघात आणि पोलिस केसचे देह घेत नाहीत. डोळे सोडून दुसरे अवयव काढलेला देह बहुतेक ठिकाणी नाकारतात, तो याच कारणाने. गँगरीन, मोठी शय्याव्रणं, अंगभर सूज असेल तर द्रव पोचत नाही. कावीळ ब आणि क, एचआयव्ही, क्षयासारखा संसर्ग असेल तर विद्यार्थ्यांना धोका. फार लठ्ठ देह नीट टिकत नाही. म्हणजे सहा महिने अंथरुणाला खिळून, पाठीला जखमा होऊन गेलेल्या आजोबांचा देह नाकारला गेला, तर तो त्यांचा अपमान नव्हे. पण त्या क्षणी तो तसाच वाटतो, म्हणून दुसरा बेत कागदावर तयार हवा: देहदान झालं नाही तर विद्युतदाहिनी, किंवा जे काय असेल ते.

कागद लागतात ते असे. डॉक्टरांचं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, म्हणजे घरी मृत्यू झाला तर नमुना 4अ, रुग्णालयात झाला तर नमुना 4. मृताचं आणि देणाऱ्याचं आधार, दोघांचे फोटो, भरलेल्या फॉर्मची प्रत. घरच्या मृत्यूत अडतं ते पहिल्याच कागदावर. ज्यांनी गेल्या काही दिवसांत पेशंटला पाहिलेलंच नाही ते डॉक्टर सही करायला कचरतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. मग पोलिस, मग शवविच्छेदन, आणि देहदान बारगळतं. घरी शेवटचे दिवस काढणाऱ्या माणसाला जवळच्या डॉक्टरांनी पंधरवड्यातून एकदा येऊन पाहावं, एवढी सोय केली तर ही वेळ सहसा येत नाही. दुसरी अडचण वेळेची. विभाग रात्री बंद असतो. रात्री दोनला मृत्यू झाला तर देह सकाळपर्यंत थंड ठेवायचा, पण गोठवायचा नाही. न्यायला गाडी कोण पाठवणार हेही आधी विचारून ठेवावं. देह दिल्यावर महाविद्यालय पावती देतं. ती जपा, कारण महापालिकेत मृत्यूनोंदणीसाठी स्मशानाच्या दाखल्याच्या जागी तीच लागते. नोंदणीची मुदत 21 दिवस.

एवढं सगळं सुरळीत झालं की घरच्यांना एक वेगळीच पोकळी जाणवते, आणि देहदानाच्या माहितीपत्रकात ती कुठेच लिहिलेली नसते. गाडी येते, सह्या होतात, गाडी जाते. सकाळी दहा वाजता सगळं संपलेलं असतं. खांदा नाही, मडकं नाही, अग्नी नाही, तिसऱ्या दिवशी सावडायला राख नाही. वीसएक माणसं हॉलमध्ये चहाचे कप घेऊन बसलेली आणि कोणालाच काही करायला नाही. जुन्या विधींची ताकद इथे कळते. त्यांचा अर्थ पटो न पटो, पण ते तेरा दिवस हातांना काम देतात. म्हणून देहदान, विद्युतदाहिनी, काहीही निवडा. त्यामुळे जे वगळलं जाणार, त्याच्या जागी काय ठेवणार हे त्याच बैठकीत ठरवायला हवं.

परंपरेलाही ही अडचण ठाऊक होती. देह सापडलाच नाही, बुडाला, परदेशी गेला, तर पळसाची 360 पानं किंवा देठ घेऊन पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा, असा विधी सांगितलेला आहे. पिंडाला कावळा शिवत नसेल तर दर्भाचा कावळा. म्हणजे पर्याय काढणं हे काही आजकालच्या शहाण्यांचं फॅड नव्हे. देहदानाच्या घरी पळसाचा पुतळा जाळावा असं मी म्हणत नाही, पण गाडी निघताना मडकं धरून तीन फेऱ्या मारायला कोणाची हरकत असते? अँब्युलन्सभोवतीही त्या मारता येतात. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनी या संस्थेच्या पद्धतीत मंत्रांचा अर्थ मराठीत सांगतात आणि स्त्रियाही पौरोहित्य करतात. तसं कोणी त्या दिवशी वीस मिनिटं आलं तर हॉलमधली ती चहाची शांतता टळते.

दहनच करायचं असेल तर निवड लाकूड, गोवऱ्या, गॅस आणि वीज यांत. साठ किलोच्या माणसात तीस-पस्तीस लिटर पाणी असतं. चितेची पहिली आणि मोठी मेहनत ते पाणी उडवण्यात जाते, म्हणूनच एका चितेला आठ-दहा मण, म्हणजे तीन-चारशे किलो लाकूड लागतं. जमिनीवर रचलेल्या चितेत खालून हवा मिळत नाही आणि बरीच उष्णता मातीत जाते. तीच चिता लोखंडी जाळीवर फूट-दीड फूट उचलून धरली, बाजूला आडोसा असला, तर निम्म्या लाकडात भागतं. छाती आणि कंबर सगळ्यात उशिरा जळतात, म्हणून जाड ओंडके तिथे येतात. पायाशी जाड लाकूड रचून उपयोग नाही. कोल्हापुरात पंचगंगेच्या स्मशानात शेणीवर, म्हणजे गोवऱ्यांवर, दहन होतं आणि होळीला लोक शेणी दान करतात. नागपुरात शेतकचऱ्याच्या दाबलेल्या कांड्या वापरतात, त्यांना मोक्षकाष्ठ म्हणतात. गोवरी काय किंवा कांडी काय, कोरडी नसेल तर नुसता धूर. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात ओल्या सामानावर डिझेल, टायर असले प्रकार होतात ते यामुळेच. त्या दिवसांत सरळ विद्युतदाहिनी घ्यावी.

विद्युतदाहिनीला नाक मुरडणारे अजून आहेत. सावरकरांनी 1966 साली ती मागून घेतली होती, दहावं-तेरावं करू नका असंही सांगितलं होतं, आणि फुले नि सावरकर एवढ्या एका बाबतीत शेजारी बसतात ही पुणेकरांनी लक्षात ठेवण्याजोगी गंमत आहे. भट्टी आधी तापलेली असावी लागते. थंड भट्टी असेल तर ती तापेपर्यंत तुम्ही बाकावर, म्हणून घरून निघण्याआधी फोन करा. पेसमेकर असेल तर तो काढूनच न्यायचा. त्यातली लिथियमची बॅटरी उष्णतेने फुटते आणि भट्टीच्या विटा उडतात. हे काम रुग्णालयात पाच मिनिटांचं, पण स्मशानात अशक्य. नारळ फुटतो. प्लॅस्टिकचे हार, नायलॉनची साडी, चष्मा, काचेच्या बांगड्या, अत्तराची बाटली, सगळं काढा. सुती कापड, फुलं, तुळस, थोडा कापूर आणि तूप एवढं आत जाऊ द्या. मडक्याचा विधी, पाणी पाजणं, फेऱ्या बाहेरच्या ओट्यावर होतात, त्यात काही कमी पडत नाही. कमी पडतो तो चितेसमोरचा वेळ. दार खाली येतं आणि संपलं. म्हणून तो वेळ आधी काढा. ओट्यावर दहा मिनिटं थांबा, एकेकाने जवळ येऊन फूल वाहा, आणि कळ कोण दाबणार हे घरून ठरवून या. दाराशी उभं राहून "तू दाब, तू दाब" होतं, ते फार केविलवाणं दिसतं.

राखेवर आता सगळ्यांचा जीव आहे. "नदीत नको, झाड लावू." विचार उत्तम. पण अस्थींवर लावलेली बरीच झाडं मरतात आणि का मरतात हे कोणी सांगत नाही. दहनानंतर उरतो तो मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट, दोन-तीन किलो, आणि तो अतिशय विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट, असतो, चुन्याच्या जवळपास. शिवाय त्यात सोडियमचे क्षार. पुण्याची माती बेसॉल्टची, मुळात विम्लतेकडे झुकलेली. त्यात आणखी दोन किलो राख मुळांशी ओतली की झाडाला लोह मिळेनासं होतं, पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. दुसऱ्या उन्हाळ्यात झाड जातं. मग घरात दुसऱ्यांदा मरण झाल्यासारखं वातावरण.

तर असं करावं. मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा काढून महिनाभर उन्हात तापू द्यावा. दोन ओंजळी राख, जास्त नाही, दोन घमेली चांगल्या कुजलेल्या शेणखतात आणि मातीत नीट मिसळून खड्ड्याच्या तळाशी घालावी. त्यावर वीतभर नुसती माती, मग रोप. लावायचं ते दोन दमदार पाऊस झाल्यावर, जूनच्या अखेरीस. उरलेली राख आपल्या किंवा मामाच्या शेतात एका गुंठ्यावर पातळ पसरून नांगरून टाकावी. तिथे ती कोणाला बाधत नाही. आणि ज्यांना नदी हवीच आहे त्यांच्याशी भांडू नये. चिमूटभर अस्थी आळंदीला किंवा नाशिकला न्याव्यात, बाकी मातीत. कलश, कापड, प्लॅस्टिकची पिशवी मात्र परत आणायची. नदीचं जास्त नुकसान होतं ते राखेने नव्हे, या सामानाने.

झाड कोणतं? सोसायटीच्या आवारात वड-पिंपळाचा हट्ट नको, दहा-पंधरा वर्षांत ते कुंपणाची भिंत उचलतात. बहावा, कांचन, ताम्हण चालतील. मोकळी जागा असेल तर उंबर, करंज, पळस. टेकडीवर जाऊन परस्पर खड्डे काढू नयेत. तिथली बरीच जमीन वनखात्याची, आणि दुसरं म्हणजे टेकड्यांवरचं गवत हे रिकामं रान नसतं. एकेकाळी गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) झाडं लावून लावून आपण त्या गवताचं पुरेसं वाटोळं केलेलं आहे. एकच झाड लावून त्याला आजीचं नाव देण्यापेक्षा एकाच जातीची तीन लावावीत. एक जगलं तरी चालतं, आणि कोणतं जगलं यावर आजीचा मान अवलंबून राहत नाही.

खरा विधी पुढे आहे. नोव्हेंबर ते मे आठवड्यातून दोनदा, एकेक बादली. पहिल्या वर्षी साठ फेऱ्या, पुढची दोन वर्षं आठवड्याला एक, म्हणजे सगळ्या मिळून सव्वाशेच्या आसपास. दहाव्या दिवशी पिंड ठेवणारा एक असतो, इथे पाळी सगळ्यांना लावता येते. भाची कोथरूडला, पुतण्या हडपसरला, तरी महिन्यातून दोनदा येणं जमतं. येणाऱ्या माणसाला पाणी घालून झाल्यावर पाच मिनिटं तिथे उभं राहावंसं वाटतंच.

झाडाला जागा नसेल, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बहुतेकांना ती नसतेच, तर गोधडी. आजीच्या लुगड्यांची गोधडी हा काही नवा शोध नाही. नवं एवढंच की ती तेराव्याला जमलेल्या माणसांनी मिळून शिवायची. तीन सुती साड्या घ्या. रेशमी आणि जॉर्जेट सरकतात, टाक्यात राहत नाहीत. आधी तिन्ही धुऊन वाळवा, नाहीतर एक आटते आणि गोधडीला चुण्या येतात. साडेपाच मीटरची साडी मधोमध दुमडली की साधारण नऊ फूट बाय पावणेचार फूट होते आणि दोन थर मिळतात. तीन साड्यांचे सहा थर. काठ आणि जाड पदर वेगळे काढून ते कडेला पट्टी म्हणून लावायचे. जमिनीवर सगळे थर ताणून अंथरा, चारही कडांना वजनं ठेवा आणि आधी हातहातभर अंतरावर कच्चे टाके घाला. हा टप्पा वगळला की मध्ये फुगा येतो आणि तो पुढे कधीच बसत नाही. मग कडेपासून आत, चौकोनात चौकोन, धावदोरा. दोन ओळींत बोटभर अंतर. मेणावरून ओढलेला जाड सुती दोरा गुंतत नाही.

बारा-पंधरा बायका-पुरुष गोल बसले तर एका दुपारी गोधडी पुरी होत नाही, कडेच्या चार-पाच ओळी होतात. ते उत्तमच. पुढे ती महिनाभर प्रत्येक घरी जाते, वर्षश्राद्धाला परत येते. टाके सारखे नसतात. दादाचे इंचभर, मावशीचे तांदळाएवढे. वाकडा टाका उसवू नये. साडी ओळखून बोलणं आपोआप निघतं: ही दिवाळीची, ही तिने रुसून घेतलेली. शोकसभेत माईक हातात देऊन "दोन शब्द बोला" म्हटल्यावर जे निघत नाही, ते सुईदोरा हातात असला की निघतं.

परदेशात याहून पुढचे प्रकार आहेत. वॉशिंग्टन राज्याने 2019 साली देहाचं खत करायला मान्यता दिली. लाकडाचे तुकडे, पेंढा, लसूणघास यांत देह ठेवतात आणि काही आठवड्यांत माती होते. दक्षिण आफ्रिकेचे धर्मगुरू डेस्मंड टुटू यांनी पाणी आणि कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात देह विरघळवण्याची पद्धत निवडली. ऐकायला छान आहे, पण त्याची वाट पाहत इथलं काही अडवून ठेवण्यात अर्थ नाही. पारशी बांधवांकडे पाहिलं की कळतं, निसर्गावर सोपवलेली पद्धतही निसर्ग बिघडला की अडते. जनावरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने गिधाडं संपली आणि दोखमे, म्हणजे गिधाडांसाठी देह ठेवायचे बुरूज, ओस पडले. 2015 साली वरळीला दहन करणाऱ्या पारशांसाठी प्रार्थनागृह झालं. तोही पर्यायच, आणि तो मिळवायला त्या समाजाला बरीच भांडणं पचवावी लागली.

आता कागद. हे मृत्युपत्रात लिहू नये, कारण मृत्युपत्र उघडतात तेराव्यानंतर. बँकेच्या लॉकरमध्ये तर मुळीच नको. उपचार कुठे थांबवायचे हे लिहून ठेवायचं असेल तर तो कागद वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली तो मान्य केला आणि 2023 साली सोपा केला, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांवर भागतं. निरोपाचा कागद साधा, एका पानाचा, हाताने लिहिलेला असावा आणि रेशनकार्ड, आधार यांच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावावा. त्याचा फोटो चार जणांच्या फोनमध्ये असावा, आणि त्या चारांत एक तरी माणूस घराबाहेरचा असावा, कारण घरातल्यांना त्या दिवशी फोन सापडत नाही. लिहायची वेळ कोणती? आजारपणात नको, त्यावेळी सगळेच शब्द जड होतात. पंचाहत्तरीला किंवा सहस्रचंद्रदर्शनाला माणसं जमतातच, पण त्या दिवशीही नको. दुसऱ्या दिवशी उरलेले लाडू खाताना विषय काढावा.

कागदावर काय असावं: डोळे द्यायचे का. देह द्यायचा का, कुठे, फोन नंबर. नाकारला तर काय. पेसमेकर आहे का. कोणाची वाट पाहायची आणि कोणाची नाही. अंगावर काय असावं. गुरुजी हवेत का, असतील तर कोण. राख कुठे. कोणत्या साड्या गोधडीला आणि कोणत्या कोणाला. आणि मडकं कोण धरणार. इथे मुलगाच लिहायला हवा असं नाही. मुलगी, सून, बायको, शेजारची मैत्रीण, कोणीही. फक्त त्या व्यक्तीला आधी सांगा आणि खांदा दुखतो का ते विचारून ठेवा. भरलेलं मडकं चार-पाच लिटरचं असतं, आणि ते घेऊन तीन फेऱ्या मारायच्या असतात.